मोडकी चाकांची कचरापेटी आणि आपली परसबाग



या पानावर आम्ही एरवी लागण, खोडवा, हुमणी, पाणी आणि खते यांविषयी लिहितो. या अंकात उसाच्या सरीतून थोडे बाहेर पडून घराच्या मागल्या दारी जाण्याचा विचार आहे. विषय वरवर पाहता हलका वाटेल, पण त्यात एक बाब अशी आहे की ती वाचल्याशिवाय कृपया पान उलटू नये. ती मध्यावर येईल.

ऊस नोंदीच्या निमित्ताने शेतकी खात्याचे आम्ही लोक वाडी-वस्तीवर फिरतो, तेव्हा प्रत्येक घरामागे एक ठरावीक ढीग दिसतो. ठिबकच्या जुन्या लॅटरल, फुटकी बॅरले, ट्रॅक्टरचे गुळगुळीत टायर, तणनाशकाचे कॅन. अलीकडे त्यात एका नव्या वस्तूची भर पडली आहे, ती म्हणजे चाकांची मोठी प्लॅस्टिक कचरापेटी. सन २०१४ मध्ये स्वच्छ भारत मिशन सुरू झाल्यानंतर अनेक ग्रामपंचायती, शाळा, पतसंस्था आणि कारखान्यांच्या वसाहती यांनी या हिरव्या-निळ्या पेट्या घेतल्या. ही पेटी मूळची साहेबाच्या देशातली. १९६८ साली इंग्लंडमध्ये स्लाउ या गावी एका कारखान्याच्या आवारातला कचरा हलवण्यासाठी ती प्रथम तयार झाली. गुळगुळीत रस्त्यासाठी केलेली ही वस्तू आपल्याकडे बैलगाडीच्या चाकोरीतून आणि दगडगोट्यांतून ओढली जाते. मग एक चाक निखळते, झाकणाची बिजागरी तुटते आणि पेटी चावडीमागे आडवी पडते. भंगारवाला ती किलोवर मागतो आणि किलोवर नेतो.

वास्तविक चाक मोडले म्हणजे पेटी मोडली असे नाही. तिचे अंग जाड, टणक प्लॅस्टिकचे असते. तळाशी किंवा बाजूला त्रिकोणी बाणांत २ हा आकडा दिसला तर ते एच.डी.पी.ई. जातीचे, म्हणजे दूध-तेलाच्या कॅनच्या जातीचे समजावे. नेहमी आढळणारी मोठी पेटी २४० लिटरची, उंची साधारण साडेतीन फूट. लहान असते ती १२० लिटरची. अशी वस्तू परसबागेत नीट वापरली तर काही वर्षे सहज काम देते.

मात्र पेटी कोणाची हे आधी पाहावे. ग्रामपंचायतीची पेटी मोडकी असली तरी ती जडवस्तू नोंदवहीत चढलेली मालमत्ता आहे. रीतसर निर्लेखन होऊन लिलावात निघाली तरच घ्यावी. "पडलीच होती, म्हणून आणली" हे उत्तर ग्रामसेवकापुढे चालत नाही.

पेटीत पूर्वी काय होते?

हीच ती मध्यावरची बाब. पेटी असो, पिंप असो, कॅन असो, तिचे पुढे काय करायचे हे तिच्यात आधी काय होते यावर ठरते. वास गेला, रंग गेला, म्हणून वस्तू निर्धोक झाली असे धरून चालू नका.

शाळा-कचेरीतील कागद-कपट्याची किंवा घरगुती कचऱ्याची पेटी असेल तर हरकत नाही. धुण्याचा सोडा आणि काथ्या घेऊन आतून-बाहेरून घासावी, ब्लीचिंग पावडरचे पाणी अर्धा तास ठेवून ओतून द्यावे, स्वच्छ पाण्याने खळखळून धुवावी आणि तीन-चार दिवस उन्हात पालथी टाकावी. दवाखान्यातील पेटी मात्र फुकट मिळाली तरी घेऊ नये. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे पिवळी, लाल, पांढरी व निळी अशी तेथील विभागणी असते. त्यातून सुई निघते, रक्ताने माखलेला कापूस निघतो. गॅरेजमधील जळके ऑइल आणि बॅटरीचे ॲसिड ज्यात साठवले ती पेटीही भाजीपाल्याला वर्ज्य.

आता कॅनविषयी. उसाला आपण तणनाशके मारतो, हुमणी-वाळवीसाठी कीटकनाशके देतो. औषध संपते आणि कॅन उरतो. कॅन दिसायला देखणा, घट्ट झाकणाचा, धरायला मूठ असलेला. घरातल्या माणसाला तो टाकवत नाही हे आम्ही समजू शकतो. त्यातच पुढे रॉकेल, गोडेतेल, ताक, वाफ्याला घालायचे पाणी आणि शेवटी पिण्याचे पाणीही जाते.

सन २०२३-२४ च्या गाळप हंगामात आमच्या एका गटात फडाशेजारी बीडकडील तोडणी टोळीच्या कोप्या होत्या. फेरी मारताना कोपीच्या मेढीला पाच लिटरचे दोन कॅन टांगलेले दिसले. लेबल अर्धे खरवडलेले होते. कवटीचे चित्र गेले होते, खालचा लाल त्रिकोण तेवढा शिल्लक होता. आत पिण्याचे पाणी. आम्ही विचारले, "मावशी, हा कॅन कुठला?" त्या म्हणाल्या, "मालकांनी दिला सायब. तीन डाव धुतलाय, वास बी येत न्हाई." शेजारी दोन-अडीच वर्षांचे पोर त्याच कॅनच्या बुचाशी खेळत होते. मालक म्हणजे आपलेच सभासद, माणूस सज्जन. त्यांनी दिला तो उपकार म्हणूनच दिला. गट ऑफिसच्या मदतनीसाने त्याच सांजेला पाण्याचे दोन नवे जार आणून दिले आणि ते कॅन ताब्यात घेऊन भोके पाडली. कोणाला काही झाले नाही, एवढीच त्या दिवशीची चांगली गोष्ट.

लेबलावरील चौकटीचा अर्थ सर्वांना ठाऊक असावा. खालचा त्रिकोण लाल असेल तर औषध अतिविषारी, पिवळा असेल तर तीव्र विषारी, निळा असेल तर मध्यम आणि हिरवा असेल तर त्या मानाने सौम्य. हिरवा म्हणजे पिण्याजोगा असा अर्थ काही जण घेतात, तो चुकीचा आहे. पॅराक्वाटसारख्या तणनाशकाला तर प्रतिविषच नाही. घोटभर पोटात गेले तरी माणूस हातचा जाऊ शकतो.

मग तीनदा धुऊनही का चालत नाही? पातळ औषधात विद्राव असतो. त्याच्याबरोबर औषध प्लॅस्टिकच्या अंगात मुरते आणि पुढे थोडे थोडे बाहेर येत राहते. तेल-तुपासारखा स्निग्ध पदार्थ ठेवला तर ते अधिकच ओढले जाते. लोणच्याच्या बरणीचा वास जसा दहा वेळा धुऊनही जात नाही, तसेच हे. फरक एवढाच की येथे नाकाला नेहमीच कळेल असे नाही.

कीटकनाशक नियम, १९७१ मधील नियम ४४ हेच सांगतो. रिकामी वेष्टणे पुन्हा वापरता येतील अशी उघड्यावर टाकू नयेत, ती फोडून वस्तीपासून दूर पुरावीत. आमचे सांगणे असे: औषध संपताच कॅनमध्ये पाव भाग पाणी घ्यावे, बूच लावून अर्धा मिनिट जोरात हलवावे आणि ते पाणी पंपातच ओतावे. असे तीन वेळा करावे. यात औषधही वाया जात नाही. लगेच खिळ्याने तळाला चार-पाच भोके पाडावीत, म्हणजे कॅन कोणाच्या कामाचा राहात नाही. विहीर, ओढा, पाट यांच्याजवळ पुरू नये. पेटवू तर मुळीच नये, तो धूर विषारी असतो. आणि कधी चुकून कोणाच्या पोटात औषध गेलेच तर मीठ-पाणी पाजून ओकाऱ्या काढत बसू नये. माणसाला ताबडतोब दवाखान्यात न्यावे आणि तो कॅन लेबलासकट डॉक्टरांना दाखवावा.

भोके पाडलेला औषधाचा कॅन कुंडी म्हणूनही वापरू नये. "फुलझाड लावलं तर काय बिघडतं?" असे आम्हाला एका वहिनींनी विचारले होते. आज फुलझाड असते, उद्या त्याच कुंडीत कोथिंबीर टाकली जाते. म्हणून नकोच.

पाचटाचे खत, भाताच्या मुदीसारखे

आता कामाला लागू. आमच्या मते या पेटीचा पहिल्या क्रमांकाचा उपयोग खत कुजवण्यासाठी आहे.

पेटी वर रुंद आणि खाली निमुळती असते. आक्साब्लेडने तिचा तळ कापून काढावा, चाकांचा आस आधीच ठोकून बाहेर घ्यावा. मग पेटी उलटी, म्हणजे रुंद तोंड जमिनीला लावून, सावलीत ठेवावी. चारी बाजूंना वीतभर अंतरावर बोटाएवढी भोके पाडावीत. भोके ड्रिलने पाडावीत, तापलेल्या सळीने पाडताना निघणारा धूर छातीला बरा नव्हे. कापलेला तळ वर झाकण म्हणून बसतो. अशी उलटी ठेवण्याचे कारण खालीवर करण्याच्या वेळी कळते. दोघांनी दोन बाजूंनी धरून वर उचलली की पेटी अलगद निघते आणि आतला ढीग वाटीतून काढलेल्या भाताच्या मुदीसारखा जागेवर उभा राहतो. पेटी शेजारी मांडायची आणि फावड्याने तोच माल पुन्हा भरायचा, म्हणजे वरचा खाली आणि खालचा वर होतो. सुलटी पेटी रिकामी करायची तर माणसाला डोके आत घालावे लागते.

भरताना तळाला तुरकाट्या किंवा जाड काड्या टाकाव्यात, म्हणजे हवा खेळते. त्यावर बारीक केलेल्या पाचटाचा अर्धा फूट थर, त्यावर शेणकाला, भाजीची देठे, खरकटे, थोडी माती, पुन्हा पाचट. पाचटात नत्र ०.४२ ते ०.५० टक्के, स्फुरद ०.१७ ते ०.२० टक्के आणि पालाश ०.९० ते १.०० टक्के असते. म्हणजे कर्ब फार आणि नत्र थोडे. कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र लागते, म्हणून नुसते पाचट लवकर कुजत नाही. एक टन पाचटाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो कंपोस्ट जिवाणू अशी शिफारस आहे. एका पेटीत दाबून भरले तर वीस-पंचवीस किलो पाचट बसते, तेव्हा २०० ग्रॅम युरिया, २५० ग्रॅम सुपर आणि मूठभर जिवाणू पुरेत. युरिया व सुपर पाण्यात कालवून थराथरावर शिंपडावे, जिवाणू शेणकाल्यातून वेगळे द्यावेत.

ओल किती असावी याची परीक्षा मुठीत आहे. मूठ आवळली तर बोटांना ओल लागावी, पण थेंब गळू नये. चार-सहा दिवसांत हात घातला तर ढीग गरम लागेल, तो नीट चालल्याची खूण. महिन्याने मूद काढून परत भरावी. साधारण तीन ते चार महिन्यांत चहाच्या चोथ्यासारखे खत तयार होते. घाण वास सुटला तर पाणी जास्त झाले असे समजावे आणि कोरडे पाचट मिसळावे.

यावरून कोणी शेतातील पाचट पेट्यांत भरायचा घाट घालू नये. एका हेक्टरातून ८ ते १० टन पाचट निघते, त्याला तीनशे-चारशे पेट्या लागतील! ते पाचट सरीतच ठेवावे, पेटवू नये, हे आम्ही पूर्वीपासून सांगत आलो आहोत. पेटी आहे ती परसबागेपुरती आणि घरच्या खरकट्यापुरती.

गांडूळ खताला मात्र ही उभी पेटी चालत नाही, कारण ती आत तापते आणि खोलही फार. पेटी आडवी टाकून वरची बाजू कापली की तीन फूट लांबीची डोण तयार होते. सावलीत, तळाला दोन-तीन भोके पाडून, अर्धवट कुजलेले शेण-पाचट भरून गांडुळे सोडावीत आणि वर ओले पोते टाकावे. भोकांतून ठिबकणारे पाणी भांड्यात धरावे.

हीच आडवी डोण लागणीच्या वेळी बेणे बुडवण्यास उत्तम. १०० लिटर पाण्यात १० किलो ॲसेटोबॅक्टर आणि सव्वा किलो स्फुरद विरघळवणारे जिवाणू कालवून टिपऱ्या अर्धा तास बुडवतात, त्याला ही लांबट डोण पिंपापेक्षा सोयीची पडते, वाकावे लागत नाही. बुरशीनाशकाची बेणेप्रक्रिया ज्या डोणीत केली ती मात्र कायमची त्याच कामाला. तिच्यावर चारी बाजूंनी लाल रंगाचा जाड पट्टा ओढून ठेवावा. त्यात पुन्हा जिवाणू कालवले तर ते मरतात, आणि जनावराने तोंड घातले तर त्याचे काय होईल ते सांगायला नको. जनावरांची पाण्याची डोण करण्यास आम्ही कचरापेटी सुचवत नाही. त्यासाठी दगडी किंवा सिमेंटची डोणच बरी.

पागोळ्यांचे पाणी

पत्र्यावरचे पाणी धरण्यास सुलटी पेटी चांगली. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. दहा बाय वीस फुटांचा गोठा धरला तर साडेअठरा चौरस मीटर होतात. २५ मिलिमीटरची एक सर आली तर साडेचारशे लिटरवर पाणी वाहून जाते, म्हणजे दोन पेट्या जवळजवळ भरतात. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे, पत्र्यावरची धूळ आणि पाखरांची घाण त्यात असते. तळापासून वीतभर उंचीवर नळ बसवावा. हे पाणी भाजीपाल्याला द्यावे, फवारणीलाही वापरावे. आपल्याकडील पुष्कळ विहिरींचे पाणी जड आहे. त्यातील चुन्याचा अंश ग्लायफोसेटसारख्या तणनाशकाशी मिळून त्याचा जोर कमी करतो. पावसाच्या पाण्यात तो दोष नाही. फक्त फवारणीचा पंप या पेटीत बुडवू नये, पाणी बादलीने काढावे. पिण्याला हे पाणी वापरू नये.

दोन धोके लक्षात ठेवावेत. भरलेली पेटी अडीच क्विंटलची होते. ती उंच आणि निमुळत्या बुडाची असल्याने भुसभुशीत जागेवर कलंडते. म्हणून खाली विटांचा सपाट ओटा करावा आणि पेटी तारेने भिंतीला बांधावी. झाकणाला कडी असावीच. लपाछपी खेळताना मुले कुठेही शिरतात, आणि अर्ध्या पेटी पाण्यात डोके खाली करून पडलेल्या मुलाला स्वतः वर येता येत नाही.

दुसरा धोका डासांचा. डेंग्यूचा एडिस डास गटारात कमी आणि घराजवळच्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात अधिक वाढतो. अंड्यापासून डास होण्यास आठ-दहा दिवस पुरतात. झाकणाला तडा असेल तर तोंडावर बारीक जाळी किंवा जुने धोतर ताणून बांधावे. आठवड्यातून एक दिवस पेटी पूर्ण रिकामी करून आतल्या कडा काथ्याने घासाव्यात. नुसते पाणी ओतून भागत नाही, कारण त्याची अंडी कडेला चिकटून कोरडी असतानाही महिनोन् महिने टिकतात. हाच नियम अंगणातील टायरांना. टायर ठेवायचेच असतील तर त्यात माती भरून झाडे लावावीत, नाही तर छपराखाली घ्यावेत.

भाजीची कुंडी

पेटीचा खालचा दीड फूट भाग कापला की चांगली खोल कुंडी होते. कापलेली कड धारदार असते, तिने हात चिरतो. ठिबकची जुनी १६ मिलिमीटरची लॅटरल उभी चिरून कडेवर बसवावी, कड झाकते आणि दिसतेही नीटस. तळाला पाच-सहा भोके, त्यावर खापऱ्या, मग तिसरा हिस्सा पाचट व काड्या आणि वर माती व कुजलेले खत समभाग. ताजे प्रेसमड घालू नये, ते कुजताना तापते आणि रोपे करपतात. संपूर्ण पेटी मातीने भरण्याच्या भानगडीत पडू नये. ओल्या मातीचा भार तीन क्विंटलच्या वर जातो, पेटी फुगते आणि मग ती चाके असूनही कोणाला हलत नाही.

अशा कुंडीत वांगी, मिरची, टोमॅटो, कढीपत्ता, लिंबू चांगले येते. कोथिंबीर-मेथीला एवढी खोली लागत नाही, तिला आडवी डोण द्यावी. शेवगा मात्र जमिनीतच लावावा. गडद रंगाची पेटी वैशाखात तापते, तेव्हा पश्चिमेच्या बाजूला बाहेरून चुना फासावा किंवा पोते टांगावे. एका वस्तीवर पेटीच्या वरच्या निम्म्या भागाचे कडे करून त्यात हळद लावलेली पाहिली. हळद वाढेल तशी भर घालत गेले आणि शेवटी कडे उचलून घेतले, खणायचे कष्टच नाहीत. असेच कडे आंब्याच्या नव्या रोपाभोवती बसवले तर शेळ्यांपासून बचाव होतो.

कुंड्या कुठे ठेवाव्यात याचाही विचार करावा. अनेकांची घरे उसाच्या फडाला लागून आहेत. उसात टू-फोर-डी मारताना वारा घराकडे असला तर त्याचे तुषार टोमॅटो, मिरची, वांगी, द्राक्ष यांवर जातात, पाने दोरीसारखी पिळवटतात आणि झाड वाया जाते. लोक त्याला रोग समजून आणखी औषधे मारतात. फवारणी वारा पडलेला असताना, सकाळी करावी. भाजी फडाच्या कडेपासून दूर, घराच्या आडोशाला असावी.

जीवामृत करणाऱ्या सभासदांना २४० लिटरची पेटी आयतीच मापाची आहे. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो डाळीचे पीठ आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत ठेवून दिवसातून दोनदा काठीने ढवळावे आणि आठवड्याच्या आत संपवावे. नुसत्या जीवामृतावर उसाची नत्र-स्फुरद-पालाशाची गरज भागते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. परसबागेला ते छान मानवते, एवढे पाहिले आहे.

पेट्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून रंगाचा पट्टा ओढण्याची पद्धत घरात पाडावी. पाण्याला पांढरा, खताला हिरवा, औषधाला लाल. ज्यांना अक्षर येत नाही अशी आजी आणि शाळेत न जाणारे पोर, दोघांनाही ते कळते.

राहिली चाके आणि झाकण. झाकणात दोन इंच माती घालून मिरची-वांग्याची रोपे टाकता येतात. चाके भरीव रबराची व आस लोखंडी सळईचा असल्याने दोन्ही एका फळीखाली ठोकली की वैरणीच्या भाऱ्याचा किंवा फवारणीच्या पाण्याचा छोटा गाडा होतो. एक चाक मोडलेल्या दोन पेट्यांतून एक चांगली जोडी निघते. वसाहतीतील निर्लेखित पेट्यांपैकी चार कापून आम्ही कारखान्याच्या ऊस रोपवाटिकेत मांडल्या आहेत: एक मूद काढण्याची, एक डोण, एक पाण्याची आणि एक कुंडी. रोपे न्यायला याल तेव्हा पाहाव्यात. आक्साब्लेड व ड्रिल तेथेच ठेवले आहे. आपली पेटी ट्रॅक्टरमधून आणलीत तर तिथल्या तिथे कापून मिळेल, फक्त ती आधी धुऊन आणावी.